भाजून फोड आला तर आधी पाणी

प्रथमोपचार शिकायला घेतलेत, फार छान केलंत. सुरुवातीला एवढंच पक्कं करा: भाजलं की लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, 20 मिनिटं, घड्याळ बघून. बहुतेक जण दोन मिनिटांत हात काढून घेतात आणि आत राहिलेली उष्णता कातडी जाळत राहते. उशीर झाला तरी 3 तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, तेल काहीही नको. सूज चढायच्या आत अंगठी, बांगड्या उतरवा.

फोड, लालबुंद ओलसर कातडी आणि नुसती आग आग, म्हणजे भाजणं वरच्या थराच्या खाली गेलंय. टरारलेला फोड बघून सुई टोचायचा मोह होतो. नका फोडू! तो पातळ पापुद्रा जंतूंना अडवतो. वर न चिकटणारी स्वच्छ पट्टी सैलसर बांधा.

डॉक्टरांकडे लगेच जा, जर:
- तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल
- चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जननेंद्रियं भाजली असतील
- वीज किंवा रसायनाने भाजलं असेल
- कातडी पांढरी किंवा काळी पडून दुखतच नसेल. नवख्यांना हे बरं लक्षण वाटतं, पण तिथे वेदना कळवणारे मज्जातंतूच जळालेले असतात.

मलमांचं नंतर बघू.