उन्हाळ्यात गिटार का खरखरते?

प्रश्न : मार्च सरला की माझ्या अकूस्टिक गिटारच्या तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखरतात. नव्या तारा लावल्या, तरी तेच. काय करू? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : दोष तारांचा नाही, हवेचा आहे. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी होते. लाकूड आकसतं, गिटारची वरची फळी खाली बसते आणि तारा फ्रेटला टेकतात. जळगावच्या पत्र्याच्या खोलीत माझ्या गिटारचंही दर वैशाखात हेच व्हायचं. फार जीव तुटायचा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. साबणाच्या डबीला भोकं पाडा, घट्ट पिळलेला ओला स्पंज आत घाला आणि डबी गिटारच्या केसमध्ये ठेवून केस बंद करा. कूलरसमोर मात्र गिटार कधीच नको! आठवडाभर ट्रस रॉडला, म्हणजे गिटारच्या मानेतल्या धातूच्या दांडीला, हात लावू नका.