१२/५० : प्रत, छाप की ठसा?

प्रश्न असा आहे : गणितातून सुचलेल्या प्रिंट्सचं प्रदर्शन पाहताना चित्राखाली पेन्सिलीनं '१२/५०' लिहिलेलं दिसलं. याला 'पन्नासातली बारावी प्रत' म्हणावं का? आणि प्रिंटला 'छापील चित्र' चालेल का?

'छापील चित्र' नको. छापील म्हटलं की आधी कुणीतरी रंगवलेलं आणि मग यंत्रावर हजारोंनी काढलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे आधी रंगवलेलं चित्र नसतंच. कलाकार लाकडावर, तांब्यावर किंवा दगडावर काम करतो आणि त्यावर दाबलेला कागद उचलला की चित्र पहिल्यांदा दिसतं. याला मराठीत 'मुद्राचित्र' हा शब्द आहे, तोच वापरावा. हिंदीत 'छापाचित्र' रुळलंय, पण मराठी कानाला 'छापा' म्हटलं की धाड नाहीतर छापा-काटा आठवतो.

शिवाय 'मुद्रा' म्हणजे शिक्का, आणि शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. जर्मन कलाकार ड्यूररच्या १५१४च्या एका मुद्राचित्रात चार बाय चारचा जादूचा चौरस आहे. कुठलीही ओळ, स्तंभ किंवा कर्ण घ्या, बेरीज ३४. तळच्या ओळीत १५ आणि १४ शेजारीशेजारी बसवून त्यानं सालही साधलंय. हे सगळे आकडे त्याला तांब्याच्या पत्र्यावर आरशातल्यासारखे उलटे कोरावे लागले असणार. हे उलटेपण 'मुद्रा' शब्दात आहे, 'छापील'मध्ये नाही.

'प्रत' या शब्दाला माझा जास्त विरोध आहे. प्रत कशाची तरी असते. पोथीची प्रत म्हटली की मूळ पोथी दुसरीकडे असते. इथे पन्नासही चित्रं मूळच. लाकडाच्या कोरलेल्या ठोकळ्याला मूळ चित्र म्हणता येत नाही, तो ठसा.

पण 'ठसा' आपण दोन्हींसाठी वापरतो. शिक्का मारायचा तोही ठसा आणि कागदावर उमटतो तोही. बोटांचे ठसे म्हणतोच की. बोलताना अडत नाही, मुद्राचित्रांबद्दल लिहिताना मात्र अडतं. डच कलाकार एशरचं १९५९चं माशांचं वर्तुळ घ्या. मासे कडेकडे लहान लहान होत जातात, पार दिसेनासे होईपर्यंत. त्यासाठी त्यानं लाकडाचे पाच ठोकळे कोरले, चार रंगांचे चार आणि काळ्याचा एक. प्रत्येकावर साधारण पाव वर्तुळ, म्हणून प्रत्येक ठोकळा फिरवून चारदा दाबायचा. आता 'वीस ठसे' म्हटलं तर लाकडाचे वीस तुकडे होते असं वाटेल. 'पाच ठसे वीसदा उमटवले, तेव्हा एक छाप पुरी झाली' असं लिहिलं की चित्र स्वच्छ होतं. ठसा लाकडाचा, छाप कागदावरची.

म्हणून '१२/५०' म्हणजे 'पन्नास छापांपैकी क्रमांक १२'. 'बारावी छाप' मी टाळेन, कारण कागद ठशावरून त्याच क्रमानं उतरले असतील असं नाही. 'बारा छेद पन्नास' असंही वाचू नये. अपूर्णांकाला संक्षेप देऊन ६/२५ करता येतं. इथे ६/२५ म्हणजे पंचवीसच छापांच्या दुसऱ्याच संचातलं सहा क्रमांकाचं चित्र.