सर यायचे बंद झाले, आता जिंकायला मजा येईना

प्रश्न: नमस्कार. आम्ही चौघं मित्र दर शनिवारी रात्री विश्रामबागेत एका परमिट रूमच्या गार्डनमध्ये क्विझ खेळतो. पब क्विझ म्हणायला बरं वाटतं, पण आहे ते आपलं गार्डन हॉटेलच. सात-आठ टीम असतात, जिंकणाऱ्याला एक स्टार्टर फुकट. आमची खुन्नस समोरच्या टेबलावरच्या सरांशी. रिटायर्ड मास्तर, पीत नाहीत, लिंबू सोडा घेऊन बसतात आणि दहातल्या सात वेळा आम्हाला धुतात. मागच्या महिन्यात प्रश्न आला, भारताला क्रिकेटमध्ये पहिला विजय कोणाच्या कॅप्टनशिपमध्ये मिळाला. आम्ही लाला अमरनाथ लिहिलं, सरांनी विजय हजारे, मार्क त्यांना गेला आणि आम्ही एका मार्काने हरलो. मी वाद घातला, की पहिली सिरीज अमरनाथनीच जिंकून दिली, सर उठून समजवायला लागले आणि माझ्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं, "सर, हा तुमचा वर्ग नाही." ते काही बोलले नाहीत, बिल दिलं आणि गेले. तेव्हापासून तीन शनिवार आलेच नाहीत. तिन्ही वेळा आम्ही जिंकलो, पण फुकटचं चिकन सिक्स्टीफाईव्ह घशाखाली उतरेना. त्यांची टीम आमच्याकडे बघत पण नाही. माफी मागू का सोडून देऊ?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी त्या मार्काचं मिटवू, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहणार. भारताने पहिली टेस्ट जिंकली फेब्रुवारी 1952 मध्ये, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, कॅप्टन हजारे. पहिली सिरीज त्याच वर्षाच्या शेवटी, पाकिस्तानविरुद्ध, कॅप्टन अमरनाथ. म्हणजे प्रश्न ढिला होता, 'टेस्ट' का 'सिरीज' हे विचारणाऱ्याने सांगायला हवं होतं. तेवढं तुमचं बरोबर. पण लेको, सांगलीत बसून हजारे सुचू नये? 1915 साली जन्म इथलाच त्यांचा!

आता खरं दुखणं. सर मार्कासाठी रुसलेले नाहीत, मार्क तर त्यांनाच मिळाला होता. रिटायर झालेल्या मास्तराला हा आपला वर्ग नाही हे कुणी सांगावं लागत नाही, शाळेची वेळ झाली की रोज कळतंच. शनिवारी दोन तास तेवढं विसरायला ते येत असणार, आणि तुम्ही तिथंच बोट ठेवलंत, ते पण चार टेबलांना ऐकू जाईल असं.

त्यामुळे फोन करू नका, ग्रुपवर हात जोडलेला इमोजी तर अजिबात नको. त्यांच्या टीमला पत्ता विचारा, आधी चार शिव्या खाव्या लागतील, खा, आणि एकटे जा. रिकाम्या हाताने नको, भडंग न्या. आणि प्रश्न कसा ढिला होता ते तिथं परत काढू नका हो, तुम्हाला मोह होणार.

आता कुणीतरी शहाणा सुचवेल, की सरांनाच क्विझमास्टर करा म्हणजे मान राहील. नको. त्यांना खुर्ची नकोय, समोरचं टेबल हवंय, तुम्हाला हरवायला. मुद्दाम हरू पण नका, मास्तरांना कॉपी लगेच कळते आणि दया तर त्याहून लवकर.

ब्रिटनमध्ये ही पब क्विझ 1970 च्या दशकात जोरात पसरली ती मालकांनी आठवड्यातल्या रिकाम्या रात्री गिऱ्हाईक यावं म्हणून, म्हणजे धंदाच. पण गिऱ्हाईक परत परत येतं ते त्याच माणसाला हरवायला, हे तुमच्या तीन शनिवारांनी दाखवलंच की.

एक नियम मात्र मालकाकडून लावून घ्या: हरकत असेल तर ब्रेकमध्ये जाऊन क्विझमास्टरला एकट्याला सांगायची, टेबलावरून ओरडायची नाही.

आणि जाताना एक प्रश्न घेऊन जा. विष्णुदास भाव्यांचा नको, सीता स्वयंवर 1843 हे सांगलीत शेंबडं पोरगं पण सांगेल. हजारेंचाच न्या. 1948 ला ॲडलेडला एकाच टेस्टमध्ये दोन्ही इनिंगला सेंच्युरी मारली त्यांनी, किती किती? 116 आणि 145, पण हे तुमच्यापाशी ठेवा. सर बहुतेक आकडे सांगतील, मग बॉलर सांगतील, मग पिच कसं होतं ते पण सांगतील. सांगू देत. मध्ये बोलू नका.