समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायला एवढी वर्षं का लागतात?

तुम्ही विचारलंय की चाळकेवाडीच्या पठारावर काही महिन्यात मशीन उभं राहतं, मग समुद्रात सात-आठ वर्षं कशाला लागतात, आणि आपल्या कोकणात एकपण का नाही. मी माणूस पठारावरचा, सातारा-पाटण पट्ट्यात मेंटेनन्सला अकरा वर्षं काढलीत, पण धंदाच हा असल्यामुळं समुद्रातल्या फार्मचं जे मिळेल ते वाचत असतो.

माझ्या मते खरी अडचण वाऱ्याची नाहीच, तिथपर्यंत पोचायची आहे. आमच्याकडचंच बघा ना, विजेची युनिटं जास्त मिळतात ती जून ते ऑगस्टमधे, आणि गिअरबॉक्स म्हणा यॉ मोटर (मशीनचं डोकं वाऱ्याकडं वळवणारी) म्हणा, जे काय जायचं ते नेमकं आषाढातच जातं. एकदा मशीनच्या बुडाशी जीपमधे बसून तीन दिवस काढलेत आम्ही, धुकं असलं की टॉवरचा दरवाजा सोडून वरचं काहीच दिसत नव्हतं, नुसता शेजारच्या मशीनच्या पात्यांचा सूं-सूं आवाज, आमचं मात्र बंद, आणि वर चढायला वारा काय लिमिटच्या खाली येईना. डबे संपले, मग ठोसेघरवरनं वडापाव मागवले.

आता तेच मशीन किनाऱ्यापासून २५ किलोमीटर आत आहे समजा. जीपच्या जागी बोट, आणि साधी क्रू बोट लाट साधारण दीड मीटरच्या वर गेली की टॉवरच्या शिडीला माणूस सोडतच नाही. म्हणून तिथं नुसता वारा मोजून भागत नाही, लाटा पण मोजतात, वर्षातले किती दिवस माणूस पोचेल हे आधी काढतात आणि मगच पैशाचं गणित मांडतात.

वारा मोजायचं पण हलक्यात घेऊ नका, ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणजे वेग १० टक्के जास्त धरला तर ताकद ३३ टक्के जास्त धरली जाते, बँकवाला उगाच वर्ष-दोन वर्षांचा डेटा मागत नाही. खंभातच्या आखातात २०१७ ला लायडार, म्हणजे लेसरनं वारा मोजायचं यंत्र, बसवलं ते याच्यासाठीच. त्याच वेळी खाली सोनार फिरवायचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ तपासायचा, बोअर मारून तळाची माती काढायची, कारण पायाचा प्रकार त्यावरच ठरतो. ५०-६० मीटर खोलीपर्यंत लोखंडी पाइप ठोकून किंवा सांगाडा उभा करून जमतं, त्याच्या पुढं तरंगतं मशीन लागतं, स्कॉटलंडला २०१७ मधे तसली पाच उभी केलीत. मग जहाजांचे रस्ते, मच्छीमार, नौदल, पक्षी, किनाऱ्यापर्यंतची केबल, समुद्रातलं सबस्टेशन... आपल्याकडच्या २०२३ च्या लीज नियमात नुसत्या सर्व्हेलाच ३ वर्षं दिलीत, यावरनं काय ते समजा.

आणि बंदर! हे लोक विसरतातच. वनकुसवड्याची जुनी मशीनं ३५० किलोवॅटची, समुद्रातलं नवीन एकेक १५ मेगावॅटचं, म्हणजे आमची चाळीसच्या वर मशीनं एकात. त्याचं एक पातं ११५ मीटरच्या वर. बोरणे घाटाच्या वळणावरनं असलं पातं नेऊन दाखवावं कुणीतरी! म्हणून ते कारखान्यातनं थेट बंदरावर आणि तिथनं जहाजावर, आणि एवढं वजन पेलणारा धक्का आपल्याकडं सहज मिळत नाही. केंद्रानं जून २०२४ मधे ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, त्यातले ६०० कोटी नुसते दोन बंदरं सुधारायला ठेवलेत.

ती योजना गुजरातला ५०० आणि तामिळनाडूला ५०० मेगावॅट अशी आहे, तिथं वारं आणि उथळ पाणी दोन्ही जमतं म्हणून. कोकणात वारं जोरात असतं ते पावसाळ्यात, आणि त्याच दिवसात, १ जून ते ३१ जुलै, मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा बंद असतात. बंदी माशांच्या पैदाशीसाठी आहे हे खरं, पण त्या दिवसातला समुद्र एकदा हर्णैला उभं राहून बघा, मग आमची जीप बरी वाटेल.

शेवटी विचारलंय की सांगलीत डिप्लोमा करतोय, यात नोकरी मिळेल का. आधी पठारावर दोन पावसाळे काढा, शिराळ्याकडचं गुढे पाचगणीचं पठार तुम्हाला जवळ पडेल. मग उंचीवरच्या कामाचा आणि सी सर्व्हायव्हलचा कोर्स करा, त्यात पूर्ण सूट घालून पाण्यात उडी मारायची, तरंगत राहायचं, एकमेकांना धरून राफ्टवर चढायचं. आयर्विन पुलावरनं पुरात उड्या मारणारी पोरं तेवढं हसत करतील. हलत्या बोटीवरनं शिडीवर पाय टाकायला मात्र वेळ लागतो म्हणतात, लाट वर आली की टाकायचा, खाली जाताना नाही.