अँबेसिडरचा मॅनिफोल्ड स्टड हेडमध्येच मोडला, आता काय करू?

प्रश्न: नमस्कार सर, वडिलांची १९७० ची अँबेसिडर मार्क टू आहे, १४८९ सीसी पेट्रोल. सकाळी चालू केली की फट फट आवाज यायचा, इंजिन तापलं की कमी व्हायचा. गॅरेजमध्ये मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारा इनलेट आणि धूर बाहेर काढणारा एक्झॉस्ट) काढताना त्याला धरणारा एक स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) नटासकट बाहेर आला आणि मागच्या टोकाचा हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) तोंडाशीच मोडला. मेकॅनिक म्हणतो ईझी आउट (मोडलेल्या तुकड्यात भोक पाडून तो उलट फिरवून काढायचं हत्यार) लावतो. नवीन स्टड आणलाय तो रिकाम्या भोकात दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. काय करावं? (एक वाचक, कराड)

उत्तर: आधी तो नवीन स्टड बाहेर काढा, जोर अजिबात लावू नका. तुम्हाला दुकानदाराने ८ एमएमचा स्टड दिलाय असं मला वाटतं. हे इंजिन मुळात इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी सिरीज, सगळं इंचात, स्टड अडीच सुताचा, म्हणजे ५/१६ इंचाचा. जाडी जवळजवळ सारखीच, ७.९४ एमएम, म्हणून हातात घेतला तर फरक कळत नाही पण आटे वेगळे आहेत. हेडकडचे आटे जाड, इंचाला १८, आणि नटाकडचे बारीक, इंचाला २४. पान्याने दामटला तर हेडमधले आटे जातील आणि मग हेलिकॉइल (भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग) बसवण्याशिवाय मार्ग नाही. जुना स्टड सोबत घेऊन जा, आटे आट्यांत बसवून बघूनच नवीन घ्या. नटाला पाना पण अर्ध्या इंचाचा लागतो, १३ नंबरचा किंचित सैल बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे त्यानेच गोल होतात.

आता मोडलेला. ईझी आउट लावू देऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय. जो स्टड पान्याला हलला नाही तो त्या बारीक ईझी आउटला काय हलणार, आणि ते आत मोडलं तर इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्याच्यावर चालतच नाही. त्यापेक्षा दोन-तीन दिवस द्या, सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल सोडायचं आणि सेंटर पंचने हलके ठोके द्यायचे. मग तेल पुसून, कार्बोरेटर उतरवून, पेट्रोलची लाइन बंद करून, बॅटरी सोडून सीओटू वेल्डिंगवाल्याला बोलवा. तुकड्यावर आधी वॉशर आणि त्यावर नट वेल्ड करायचा. स्टड लालबुंद होऊन फुगतो, गार होताना आक्रसतो आणि गंजाची पकड सुटते. पूर्ण गार व्हायच्या आत थोडं मागे थोडं पुढे असं हलवत काढा. पहिल्यांदा वेल्ड तुटला तर परत करा, तीन-चार वेळा लागले तरी हरकत नाही. नाहीच निघाला तर मात्र हेड उतरवून चांगल्या लेथवाल्याकडे द्या, बरोबर मध्यावर भोक पाडणं महत्त्वाचं, हाताच्या ड्रिलने ते तिरकं जातं आणि जास्त खोल गेलं तर पाण्याच्या जॅकेटपर्यंत पोचू शकतं.

स्टड बदलला म्हणजे काम झालं असं समजू नका. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच गास्केटवर (मधल्या पॅकिंगवर) बसतात आणि काही ठिकाणी एकच जाड वॉशर दोघांच्या फ्लॅंजला (हेडला टेकणाऱ्या कडेला) दाबतो. म्हणजे एक फ्लॅंज जरा पातळ झाली की वॉशर तिरका होतो, एक घट्ट आणि दुसरी लीक, तोच तो फट फट आवाज. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघा, वाकलेलं असेल तर दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र धरून सरफेस करून, म्हणजे सपाट करून घ्या. इंजिन माउंटिंग आणि सायलेन्सरचे हॅंगर पण बघा, ते तुटले की सगळ्या पाइपचं वजन या स्टडवर येतं.

प्रश्न: परत गंजू नये म्हणून स्टेनलेसचे स्टड आणि नट टाकले तर चालतील का? (तेच वाचक)

उत्तर: नको. स्टेनलेसवर स्टेनलेस तापलं की आटे एकमेकांना चावतात आणि परत हीच वेळ येते. साधे स्टीलचे स्टड आणि त्यावर पितळी लांब नट लावा, पितळ गंजून धरत नाही. मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, साधारण १५ फूट-पाउंडपर्यंत आवळा. गाडी एकदा तापवून पूर्ण गार झाली की परत तपासा, नवीन गास्केट दबतं. आणि तोपर्यंत काचा बंद करून गाडी चालवू नका, लीक झालेला धूर आत आला तर जिवाशी खेळ आहे.