भूमिगत कोळसा खाण खालून गेल्यास वरच्या शेताचे आणि विहिरीचे काय होते?

आपण विचारले आहे की वणी तालुक्यातील वडिलोपार्जित शेताखाली लवकरच भूमिगत खाणीचे काम येणार असून सातबारा आपल्याच नावावर राहणार आहे. पुण्यात कसबा पेठेखालून मेट्रो गेली तरी जुने वाडे उभे आहेत, मग इतक्या खोलवरच्या खाणीची काळजी करण्याचे कारण आहे का? मी पुण्यात राहून भूजलाचे काम करतो आणि त्यानिमित्ताने वर्धा खोऱ्यातील खाणपट्ट्यांतल्या विहिरींच्या नोंदी पाहत आलो आहे. माझ्या मते काळजीचे कारण आहे; मात्र शेत किती खाली बसेल यापेक्षा त्याचा उतार कसा बदलेल आणि विहिरीचे पाणी टिकेल का, याची काळजी अधिक करावी.

मेट्रोचे उदाहरण येथे लागू होत नाही. तो बोगदा कठीण बेसाल्टमधून जातो, मोजक्या मीटर व्यासाचा असतो आणि पुढे सरकतानाच त्याला काँक्रीटच्या कड्यांचे अस्तर चढते, कारण तो कायम उभा राहायचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत कोळसा खाणींत आधी थरात उभ्या-आडव्या गल्ल्या काढून मध्ये कोळशाचे चौकोनी खांब ठेवतात आणि शेवटी माघारी येताना ते खांबही काढून घेतात. यालाच डिपिलरिंग म्हणतात. खांब निघाले की वरचा खडक ठरवूनच कोसळू दिला जातो आणि त्या ढासळलेल्या भागाला खाणीत ‘गोफ’ म्हणतात. छत असे कोसळू दिले, तर काढलेल्या थराच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक इतकी वरची जमीन खचू शकते, म्हणजे तीन मीटरचा थर काढल्यास दीड मीटर किंवा त्याहूनही जास्त. पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून काढली, तर तेच प्रमाण काही टक्क्यांवर येते. म्हणून कोळसा काढणार आहेत का, यापेक्षा खांब काढणार आहेत का आणि वाळू भरणार आहेत का, हे आधी विचारावे.

खचलेला भाग उथळ परातीसारखा दिसतो आणि तो खालच्या कामापेक्षा मोठा असतो, कारण परिणाम तिरकस रेषेत वर येतो. काम शेजाऱ्याच्या शेताखाली थांबले, तरी खोली शे-दीडशे मीटर असल्यास आपल्या बांधापर्यंत ताण पोहोचू शकतो. मधला भाग बहुधा सपाटच खाली बसतो आणि तेथे पीक घेता येते. खरे नुकसान कडांवर होते. तेथे जमीन ताणली जाते, भेगा पडतात, बांध तिरपे होतात, पाटाचे पाणी उलट्या दिशेने धावू लागते आणि नाल्याचा उतार मोडून मध्येच पाणी साचते. चीनमधील हुआयनानसारख्या मैदानी भागात, जेथे भूजल आधीच उथळ होते, तेथे खचलेल्या शेतांची तळी झाली आणि 2017 मध्ये अशाच एका तळ्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारला गेला. वीज मिळाली हे खरे, पण शेत गेले ते गेलेच.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत या भेगा ओळखणे अवघड जाते, कारण उन्हाळ्यात ही जमीन आपणहून भेगाळते. फरक असा की मातीच्या स्वतःच्या भेगा जाळीसारख्या सर्वत्र पसरलेल्या असतात आणि पावसात मिटतात, तर खाणीच्या भेगा कामाच्या कडेला समांतर, लांबच लांब एका ओळीत जातात; कित्येकदा भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर खाली असते आणि नांगरताना फाळ तेथे अडखळतो. पावसात वरचा चिखल त्यांना झाकतो, पण खाली वाट मोकळी असल्याने माती धुपून आत जाते आणि पुढच्या हंगामात तेथेच खड्डा पडतो. त्यांतून गोफात हवा गेली तर उरलेला कोळसा आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून भेगा वेळच्या वेळी बुजवून घेणे शेतमालकाच्याही हिताचे आहे.

आता पाण्याविषयी. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे आणि विहिरींना मुख्यतः तोच पाणी देतो. खाणीत काम चालावे म्हणून आत पाझरणारे पाणी सतत उपसले जाते, त्यामुळे जमीन खचण्याआधीच आसपासच्या विहिरींची पातळी उतरू शकते. छत कोसळल्यावर त्यावरचे खडक बऱ्याच उंचीपर्यंत तडकतात. हे तडे वालुकाश्मापर्यंत पोहोचले तर विहिरीचे पाणी थेट खाणीत उतरते. ते तेथवर न पोहोचता वरचे थर केवळ वाकले, तर पातळी काही काळ घटून पुन्हा सावरण्याची शक्यता असते. अमुक महिन्यांत पाणी परत येईल असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर त्यावर विसंबू नये. खाण बंद होऊन पंप थांबले की गोफ पाण्याने भरतो, पातळी वर येते, पण ते पाणी बहुधा जड असते आणि त्यात सल्फेट व लोह वाढलेले असू शकते. शुद्ध केल्यास ते पिण्याजोगे होते. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीचे पाणी शुद्ध करून बाटलीबंद विकले आहे.

कमी खोलीवरच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणींचा प्रकार वेगळा आणि अधिक दगाबाज आहे. तेथे खांब वर्षानुवर्षे झिजत राहतात आणि एके दिवशी वरची जमीन एकाएकी भगदाड पडून आत जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घूस येथे ऑगस्ट 2022 मध्ये आमराई वॉर्डातील एक अख्खे घर असेच जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे वाचली. आपल्या शेताजवळ असे जुने काम आहे का, याची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

सातबारा नावावर राहणे अशक्य नाही, कारण 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानुसार संपूर्ण जमिनीऐवजी तिच्यातील केवळ काही हक्कही संपादित करता येतात. तोंडी आश्वासनावर न थांबता अधिसूचना मिळवून नेमके कोणते हक्क जात आहेत आणि भेगा, विहीर व घर यांच्या भरपाईविषयी काय लिहिले आहे, ते वकिलाकडून वाचून घ्यावे. पर्यावरण मंजुरीची कागदपत्रे परिवेश संकेतस्थळावर शोधावीत. त्यांत जमीन खचण्याचा अंदाज दिलेला असल्यास आपला गट त्यात कोठे येतो ते पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम सुरू होण्याआधीची नोंद. नुकसानभरपाईच्या वादात शेतकऱ्याची बाजू बहुधा येथेच लंगडी पडते, कारण विहीर आटली हे सर्वांना दिसते, पण आधी तिला किती पाणी होते हे कागदावर नसते. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी काठावरील एकाच खुणेपासून टेपने मोजून लिहावी, पाण्याची तपासणी करून अहवाल जपावा, घराच्या भिंतींची व बांधांची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि शक्य झाल्यास भूकरमापकाकडून शेतातील चार-पाच ठिकाणांची उंची मोजून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तिचे मुख्यालय पुण्यात शिवाजीनगरलाच आहे, तेव्हा आपल्या गावाच्या सर्वांत जवळच्या निरीक्षण विहिरीच्या मागील वर्षांच्या नोंदी मिळवण्यासाठी आपण येथूनच अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.