‘आधी ते बरं करा, मग जेवेल तो’

“मॅडम, आधी त्याचं ते बघा. ते बरं झालं की जेवायला लागेल आपोआप.” समीरच्या आईने खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ‘ते’ म्हणजे समीर गे असणं. बावीस वर्षांच्या मुलाने नुकतंच घरी सांगितलं होतं, आणि आईने त्याची आणि घटत्या वजनाची गाठ मारली होती. अशी गाठ मारून येणारे पालक बरेच भेटतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

खरं तर समीरला खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर) जडला होता, आणि वजन घरी सांगण्याआधीपासूनच उतरत होतं. कुणाच्या मनात काही आलं नाही, कारण मुलगा दिसण्यापायी उपाशी राहील हे आपल्याकडे कुणाला सुचतच नाही. उलट ‘काय फिट झालास रे!’ म्हणून कौतुक. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे उपास त्याने एकेक करून धरले. आजी खूश, पोरगं देवाधर्माला लागलं! पण घरात साबुदाण्याची खिचडी झाली तरी हा काळ्या कॉफीवरच. एरवी पोळी काट्यावर तोलून खायची, ऑफिसचा डबा वॉचमनच्या हवाली करायचा. मग रात्री दीड वाजता शंकरपाळ्यांचा अख्खा डबा फस्त, आणि बाथरूमचा नळ सोडून उलटी.

पहिला संशय आला दातांच्या डॉक्टरांना. वरच्या दातांचं आतल्या बाजूचं आवरण झिजलं होतं. वारंवार उलट्या केल्या की पोटातल्या आम्लाने तसं होतं. मला दिसले ते त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवरचे घट्टे. उलटी काढायला बोटं घशात घातली की दात घासून ते पडतात.

आई बाहेर गेल्यावर तो बोलला. शाळेत ‘बायल्या’ आणि ‘ढोल्या’ ही दोन्ही विशेषणं त्याला एकाच टोळक्याने चिकटवली होती. मोठेपणी डेटिंग ॲपवर गेला, तर तिथे प्रोफाइलवरच लिहिलेलं, ‘नो फॅट्स, नो फेम्स’, म्हणजे जाडे नकोत, बायकी नकोत. “घरी मी कोण ते लपवायचं आणि ॲपवर पोट लपवायचं,” तो म्हणाला.

आईने पुढच्या भेटीत विचारलं, “मग गे आहे म्हणूनच झालं ना हे?” प्रश्न रास्त होता. फेल्डमन आणि मायर यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात गे आणि बायसेक्शुअल पुरुषांमध्ये खाण्याचे विकार इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळले होते. स्त्रियांमध्ये मात्र लेस्बियन-बायसेक्शुअल आणि इतर असा फरक आढळला नाही. नुसत्या लैंगिकतेमुळे आजार होत असता, तर तो दोन्हीकडे दिसायला हवा होता. माझ्या अनुभवात पोखरतं ते वेगळंच: सतत लपवणं, टोमणे, आणि अंगाच्या मापावर माणूस निवडणारा तो बाजार. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्याकडे मुलाला नेऊ नका. अशी ‘कन्व्हर्जन थेरपी’ करणं हे डॉक्टरच्या दृष्टीने व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही 2022 मध्ये सांगितलं आहे.

समीरचे उपचार सुरू झाले ते ईसीजी आणि रक्तातल्या पोटॅशियमच्या तपासणीपासून, कारण उलट्यांनी पोटॅशियम घटलं की हृदयाला धोका असतो. मग मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि माझ्याकडची समुपदेशनाची सत्रं. ठरल्या वेळी तीन जेवणं, मध्ये दोनदा खाणं. काटा घराबाहेर. जेवणानंतर तासभर कुणीतरी त्याच्यासोबत बसायचं, म्हणजे उलटीला जाणं टळतं. तेव्हा आई त्याच्याशी रमी खेळते. जेवताना वजनाचा विषय नाही, आणि लग्नाचा तर नाहीच. उपास सोडवायचे कसे, हा पेच आजीनेच सोडवला: “औषध चालू असताना उपास नसतो रे बाळा.”

उलट्या थांबल्या आहेत. घास मोजणं अजून सुटलेलं नाही. वडील या विषयावर अवाक्षर काढत नाहीत. ॲप त्याने ठेवलंय आणि मीही काढायला सांगितलं नाही; पोराला जोडीदार हवासा वाटतो, त्यात गैर काय?

घरात असं कुणी असेल आणि चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा उलटीतून रक्त पडत असेल, तर समुपदेशकाची वेळ मिळायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नुसतं कुणाशी बोलायचं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.